गेमच्या दुकानातलं कामाचं सॉफ्टवेअर: घ्यावं, पण कुणाच्या नावावर?

वेंगुर्ल्याच्या एका स्टुडिओवाल्यांनी विचारलंय ते थोडक्यात असं: फोटो स्टुडिओ, लग्नाचे व्हिडिओ आणि जोडीला पत्रिका-फ्लेक्सचं डिझाइन. दुकानात दोन कॉम्प्युटर, एकावर विंडोज 11, दुसऱ्यावर अजून विंडोज 7. भाचा स्टीम नावाच्या गेमच्या ऑनलाइन दुकानातून गेम घेतो. तो म्हणतो, तिथे व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर सेलमध्ये निम्म्याहून कमी किमतीत लागलंय, एकदाच पैसे भरायचे, दरमहा काही नाही. गेल्या रविवारी त्याने स्वतःच्या खात्यावरून एक घेऊनही टाकलं. आता प्रश्न: गेमच्या दुकानातलं सॉफ्टवेअर धंद्याला चालतं का, आणि आणखी घ्यावं का?

आधी घाईचं सांगतो, कारण तुमची मुदत चालू आहे.

स्टीमवर घेतलेली वस्तू परत करता येते, गेम असो की सॉफ्टवेअर. अट दुहेरी आहे: घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत, आणि तोवर ती 2 तासांपेक्षा कमी चाललेली हवी. जून 2015 पासून हा नियम आहे. रविवारी घेतलंत म्हणजे दिवस हातात आहेत. तास उरलेत का ते बघा. भाच्याला त्याची लायब्ररी उघडायला सांगा, सॉफ्टवेअरच्या पानावर एकूण किती वेळ चाललं ते दिसतं. यात एक गोम आहे. गेमचे दोन तास म्हणजे दोन तास खेळणं, तिथे हिशेब सरळ असतो. एडिटरमध्ये तुम्ही काय करताय याच्याशी त्या घड्याळाला देणंघेणं नाही. खिडकी उघडी म्हणजे मोजणी चालू. हळदीचा लांबलचक व्हिडिओ रेंडरला, म्हणजे अंतिम फाइल बनवायला, लावून तुम्ही रात्री घरी गेलात, की सकाळी नावावर नऊ तास. तेव्हा खालचं सगळं वाचून होईपर्यंत ते सॉफ्टवेअर बंद ठेवा. उघडून 'जरा बघू' असंही नको.

आता सविस्तर. मी कुडाळात गेली सत्तावीस वर्षं कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीचं दुकान चालवतो. आसपासच्या बऱ्याच डीटीपीवाल्यांचे आणि स्टुडिओवाल्यांचे डबे कधी ना कधी माझ्या टेबलावर उघडे पडलेत. सुरुवातीच्या काळात सॉफ्टवेअर विकत घ्यायचं असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. गणपतीला चाकरमानी यायचा तेव्हा त्याच्या पिशवीत फरसाण, पेढे आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेली एक सीडी असायची, वर मार्करने लिहिलेलं: 'फोटोशॉप + पेजमेकर + कोरल'. ती सीडी मीही चालवली आहे, लपवत नाही. पण नकली आहे हे माहीत असून धंद्यात वापरलं तर कॉपीराइट कायद्याचं कलम 63-ब सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपासून 2 लाख रुपयांपर्यंत दंड सांगतं. तुमचा भाचा क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली नकली प्रत, शोधत न बसता पैसे मोजून घेऊया म्हणतोय. पुढे त्याच्या खरेदीला मी नावं ठेवणार आहे, पण आधी त्याला शाबासकी द्या.

हे दुकान काय आहे ते समजलं की तुमचं अर्धं उत्तर मिळतं. स्टीम ही अमेरिकेतल्या व्हॉल्व कंपनीची. सप्टेंबर 2003 मध्ये ती सुरू झाली तेव्हा दुकान असं तिचं रूप नव्हतंच. कंपनीच्या स्वतःच्या गेमना सुधारणा घरोघर पोचवणारी ती एक नळपाणी योजना होती. 2004 मध्ये 'हाफ-लाइफ 2' डिस्कवर घेतला तरी स्टीमशिवाय चालेना, तेव्हा लोकांनी शिव्या घातल्या होत्या. मग 2005 पासून इतरांचे गेम त्याच नळातून विकायला लागले आणि योजनेचा बाजार झाला. ऑगस्ट 2012 मध्ये व्हॉल्वने जाहीर केलं की गेमखेरीज इतर सॉफ्टवेअरही आता इथे मिळेल, आणि त्या वर्षी दसऱ्याच्या आधी पहिली खेप लागलीसुद्धा.

हे तेव्हाच का सुचलं? माझ्या मते कारण विंडोज 8. ऑक्टोबर 2012 मध्ये ते आलं ते मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं दुकान पोटात घेऊनच. व्हॉल्वचा मालक गेब न्यूएल हा मूळचा मायक्रोसॉफ्टचाच माणूस. तो त्या उन्हाळ्यात जाहीरपणे म्हणाला होता की विंडोज 8 हे पीसीच्या धंद्यावर मोठं संकट आहे. त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. दुसऱ्याच्या पडवीत तुम्ही दहा वर्षं दुकान थाटलंय, चांगलं चाललंय, आणि एके सकाळी घरमालक अंगणात स्वतःचं दुकान मांडतो. मग तुम्ही एक तर नवी पडवी शोधता, नाही तर आपल्या दुकानात आणखी चार जिनसा ठेवून गिऱ्हाईक घट्ट धरता. व्हॉल्वने दोन्ही केलं: विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सकडे वळली आणि सॉफ्टवेअरही मांडलं.

पहिल्या खेपेत काय होतं ते बघण्यासारखं आहे. चित्र काढायचं आर्टरेज, फोटोंना रंगछटा देणारं कॅमेराबॅग, गेम बनवायचं गेममेकर, त्रिमितीय मूर्ती घडवायचं थ्रीडी-कोट, आणि कॉम्प्युटरची ताकद मोजणारं थ्रीडीमार्क. हिशेबाचं काही नाही, पत्रव्यवहाराचं नाही, दुकानदाराच्या उपयोगाचं नाही. आणि इतक्या वर्षांनंतरही चित्र फारसं बदललेलं नाही. तिथलं सगळ्यात गाजलेलं सॉफ्टवेअर कुठलं म्हणाल तर वॉलपेपर इंजिन, म्हणजे स्क्रीनवर हलणारी चित्रं लावायचं. मग ठिपक्याठिपक्यांची चित्रं काढायचं एसप्राइट, गेम बनवायचं आरपीजी मेकर, आणि असलीच मंडळी. टॅली तिथे नाही, मायक्रोसॉफ्ट ऑफिस नाही, तुमचं रोजचं फोटोशॉप नाही.

मालवणच्या मासळी बाजारात सुरमई-बांगडा विकणारी बाई टोपलीच्या कडेला चार सोलं आणि एखादा नारळ ठेवते. मासे घेणारा तिथेच सोलंही घेतो, कारण घरी जाऊन त्याला तिखलं करायचंय. पण लग्नाच्या पंगतीचा किराणा कुणी तिच्याकडे भरत नाही. स्टीमवरचं सॉफ्टवेअर मी त्या सोलांसारखं मानतो. गेम खेळणाऱ्याला किंवा बनवणाऱ्याला जोडीला जे लागतं ते तिथे उत्तम मिळतं. मधे त्यांनी सिनेमे-व्हिडिओही विकून पाहिले. फेब्रुवारी 2019 मध्ये तो कप्पा गुंडाळायचं ठरलं.

मोठ्या कंपन्या का आल्या नाहीत याला दुसरंही कारण आहे, पैशाचं. स्टीम विक्रीतले 30 टक्के ठेवून घेते. 2018 पासून 1 कोटी डॉलरच्या वरच्या विक्रीवर 25 आणि 5 कोटींच्या वर 20 टक्के झाले, पण तेवढी विक्री किती जणांची? फोटोशॉपवाल्या ॲडोबीने 2013 मध्ये सांगून टाकलं की यापुढे मासिक-वार्षिक वर्गणीच. ज्याचं गिऱ्हाईक दरमहा थेट त्याच्या दारात येऊन पैसे भरतं तो तिसऱ्याला 30 टक्के कशाला देईल? म्हणून स्टीमवर तुम्हाला भेटतात ते बहुतेक मधले आणि छोटे कारागीर, किंवा मोठ्यांची 'एकदाच पैसे' वाली वेगळी आवृत्ती. ॲडोबीचंच सबस्टन्स पेंटर, त्रिमितीय वस्तूंना रंग द्यायचं, स्टीमवर वर्षाच्या नावाने विकलं जातं: पैसे एकदा, पण सुधारणाही त्या वर्षापुरत्याच. हे तुमच्या भाच्याने घेतलेल्या एडिटरलाही लागू असू शकतं. नावापुढे 'स्टीम एडिशन' किंवा वर्षाचा आकडा असेल तर पुढची आवृत्ती सवलतीत मिळणार का, कंपनीच्या स्वतःच्या साइटवर ती नोंदवता येणार का, हे पानावर नीट वाचा. निम्म्या किमतीचं रहस्य पुष्कळदा तिथेच असतं.

आता मुख्य मुद्द्यावर येतो.

गेल्या काही वर्षांत आलेली एक तक्रार सांगतो. सावंतवाडीकडचा एक स्टुडिओ. मालकाने फोन केला: "काका, ह्या एडिटिंगचा सॉफ्टवेअर आपोआप बंद कित्याक पडता? चलता चलता गुल!" कॉम्प्युटर दुकानात आणला. मी रॅम काढून पुसली, दुसरी लावून पाहिली, पॉवर सप्लाय बदलला, ग्राफिक्स कार्डाचा पंखा साफ केला. माझ्याकडे दोन दिवस डबा शहाण्यासारखा चालला. परत नेला की रात्री नऊनंतर पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मीच संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसलो. साडेनऊला काम बंद पडलं आणि त्या क्षणी पडद्यावरची सूचना मी पहिल्यांदा नीट वाचली: हे खातं दुसऱ्या कॉम्प्युटरवर वापरात आहे.

झालं होतं असं. सॉफ्टवेअर घेताना दुकानातल्या पोराने स्वतःच्या खात्यावर घेतलं, कारण खातं त्याचं तयार होतं. पैसे मालकाच्या यूपीआयवरून गेले. तीन सीझन झकास काम झालं. मग पोराला म्हापशात नोकरी लागली. जाताना भांडण नाही, काही नाही. उलट नवीन कॉम्प्युटरवर लॉग इन करताना कोड त्याच्या मोबाइलवर जायचा तो तो बिचारा फोन करून सांगायचा. पण रात्री जेवून तो आपल्या खोलीत गेम लावायचा आणि इकडे सावंतवाडीत नवरी-नवरदेव अर्ध्या सप्तपदीत थांबायचे. एका खात्यावर एका वेळी एकच जागा. रॅम बदलण्यात मी दोन दिवस घालवले, याची मला अजून लाज वाटते.

यात पोराची चूक नाही आणि दुकान चालवणाऱ्या कंपनीचीही नाही. खातं वैयक्तिक असतं, ते विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, आणि त्यातली एखादी वस्तू काढून दुसऱ्या खात्यात टाकता येत नाही. पैसे कुणी भरले याला अर्थ नाही. खेळणाऱ्यासाठी हे ठीक आहे. गेम कोण कुणाला वारसाहक्काने देतो? दुकानात मात्र माणसं येतात-जातात आणि मशिनरी मागे राहते. जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरबरोबर कॉम्प्युटरच्या मागे लावायचं डोंगल मिळायचं ते आठवा. ते ज्याच्या हातात त्याचं सॉफ्टवेअर. दुकान भावाला दिलं तर डोंगलही गेलं, विषय संपला. इथे तसं नाही.

मालकी कुणाची हा प्रश्न तर त्याहून पुढचा. आपल्याकडे आंब्याची बाग करारावर देतात ना, तसं धरा. करार घेणारा फवारणी करतो, राखण ठेवतो, आंबा काढतो, पेटीत भरतो, पण सातबाऱ्यावर त्याचं नाव चढत नाही. डिजिटल दुकानात तुम्ही घेता तो वापरायचा परवाना. कॅलिफोर्नियात 2025 च्या जानेवारीपासून तसा कायदाच लागू झाला की दुकानांनी हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितलं पाहिजे, आणि स्टीमने त्याच्या आधीच, ऑक्टोबर 2024 मध्ये, पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली. लोक ती वाचत नाहीत. बागायतदाराचा करारही कोण वाचतो म्हणा, पण तिथे निदान मोहोर करपला की वाचतात.

धंद्याला चालतं का, हे तुमचं मूळ विचारणं. स्टीमच्या करारात वापर वैयक्तिक आणि बिनधंद्याचा असं धरलेलं आहे; मात्र जिथे त्या करारात किंवा त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या अटींत धंद्याच्या वापराला परवानगी दिलेली असेल तिथे चालतं. म्हणजे दुकानाला विचारून सरसकट उत्तर मिळणार नाही, प्रत्येक सॉफ्टवेअरचं वेगळं. त्याच्या पानावर लायसन्सच्या अटींचा दुवा असतो, तो उघडा, आणि इंग्रजीत 'कमर्शियल' हा शब्द शोधा. सगळं वाचायची गरज नाही, त्या शब्दाच्या आजूबाजूचे दोन परिच्छेद पुरतात. स्पष्ट होत नसेल तर बनवणाऱ्याला दोन ओळींचा ई-मेल टाका: मी लग्नाचे व्हिडिओ पैसे घेऊन करतो, ही प्रत चालेल का? छोटे कारागीर उत्तर देतात, हा माझा अनुभव. ते उत्तर छापून बिलांच्या फाइलला लावा.

चित्रं काढायचं क्रिटा आणि त्रिमितीय कामाचं ब्लेंडर यांच्याबाबत हा प्रश्न उरत नाही. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत, त्यांतून केलेलं काम तुमचं, खुशाल विका. ब्लेंडर स्टीमवरही फुकट आहे. क्रिटा स्टीमवर पैसे घेऊन मिळतं आणि स्वतःच्या साइटवर फुकट. पैसे देणारा बनवणाऱ्यांना हातभार लावतो आणि अपडेट आपोआप मिळवतो, एवढाच फरक. भजनं, दशावताराचे नाट्यप्रयोग यूट्यूबवर थेट दाखवायला मुलं ओबीएस वापरतात, तेही दोन्हीकडे फुकट. धंद्याच्या कॉम्प्युटरवर हे तिन्ही मी त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच टाकतो. कारण साधं आहे: मधलं खातं नको.

तरीही एखादं विकतचं सॉफ्टवेअर स्टीमवरच चांगलं मिळतंय, अटीही ठीक आहेत, तर घ्या, पण असं घ्या. दुकानाचा म्हणून वेगळा ई-मेल करा. त्या ई-मेलवर तुमच्या, म्हणजे मालकाच्या, नावाने नवं खातं. कोड येणारा मोबाइल तुमचा, कामाच्या माणसाचा नाही आणि भाच्याचाही नाही. मोबाइल हरवला तर लागणारा रिकव्हरी कोड असतो, तो ज्या वहीत तुम्ही लाइटबिल आणि भाडं लिहिता तिच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. त्या खात्यावर एकही गेम नको. घरातली मुलं 'फक्त एकच' म्हणतील. त्यांना भाच्याकडे पाठवा. भागीदारीतलं दुकान असेल तर मात्र मी सांगेन, खातं एका भागीदाराच्या नावावर राहणार आणि उद्या वाटणी झाली तर ते सामाईक जमिनीपेक्षा वाईट भांडण होईल. सॉफ्टवेअर थेट कंपनीकडून फर्मच्या नावाने घ्या.

स्टीमची 'फॅमिली' म्हणून सोय आहे, तिचा उपयोग करून दोन कॉम्प्युटर चालवू असं कुणी सुचवेल. ती एका घरात राहणाऱ्यांसाठी आहे, दुकानासाठी नाही, आणि एकाच प्रतीवर दोघांना एकाच वेळी काम तिथेही करता येत नाही.

अपडेटबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण इथे स्टुडिओवाले हमखास फसतात. गेम आपोआप अपडेट होतो तेव्हा खेळणारा खूश होतो. मे महिन्यात, पाच लग्नांचं काम अंगावर असताना, एडिटर रात्रीत अपडेट झाला आणि सकाळी जुना प्रोजेक्ट उघडताना 'फाइल नव्या पद्धतीत बदलू का' असं विचारायला लागला, की घाम फुटतो. एकदा 'हो' म्हटलं की ती फाइल जुन्या आवृत्तीत बहुधा उघडत नाही. म्हणून सॉफ्टवेअरच्या नावावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, आणि अपडेटच्या जागी 'मी उघडेन तेव्हाच' असं निवडा. यानेही अपडेट कायमचं टळत नाही, उघडताना ते होतंच. पण निदान हात तुमच्या कीबोर्डवर असताना होतं. काही बनवणारे जुन्या आवृत्त्याही ठेवतात, त्याच प्रॉपर्टीजमधल्या 'बीटाज'च्या कप्प्यात सापडतात. ब्लेंडरचं तसं आहे. नाव बीटा असलं तरी आत जुनं-मुरलेलंच असतं, घाबरू नका. आणि सीझनमध्ये हातात घेतलेला प्रोजेक्ट अपडेटच्या आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून ठेवायचा, हे मी सांगायला नको.

नेट आणि वीज यांचं आपल्याकडचं गणित वेगळं. मे 2021 मधलं तौक्ते वादळ तुम्ही वेंगुर्ल्यात अनुभवलंच असेल. तेव्हा जनरेटरवर कॉम्प्युटर चालू होत होते पण नेटचा पत्ता नव्हता. स्टीमला 'ऑफलाइन मोड' आहे आणि तो चालतो, पण तयारी आधी करावी लागते: त्या कॉम्प्युटरवर लॉग इन केलेलं, पासवर्ड लक्षात ठेवायला सांगितलेलं, सॉफ्टवेअर पूर्ण अपडेट झालेलं आणि नेट असताना एकदा उघडलेलं. एवढं करूनही काही सॉफ्टवेअर स्टीमच्या पलीकडे स्वतःच्या कंपनीला वेगळा फोन लावतात. ते कळायचा एकच मार्ग. एखाद्या निवांत दुपारी राउटरची वायर काढा आणि सॉफ्टवेअर उघडतंय का बघा. आणि हे परत करायच्या 14 दिवसांतच करा, म्हणजे नापास झालं तर पैसे परत मागता येतील.

डाउनलोड रात्री होतील अशी वेळ सेटिंगमध्ये लावता येते, वेगालाही लगाम घालता येतो, नाहीतर दुपारी गिऱ्हाइकाचे फोटो जातच नाहीत. आता किमतीचं. नोव्हेंबर 2015 पासून स्टीमवर भाव रुपयांत दिसतात आणि आता यूपीआयनेही पैसे भरता येतात. ऑक्टोबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेचे आपोआप पैसे कापण्याचे नियम कडक झाले, तेव्हा परदेशी वर्गण्या भरताना माझी बरीच गिऱ्हाइकं अडकली होती. एकरकमी खरेदीला तो त्रास नाही, हे भाच्याचं म्हणणं बरोबर आहे. सेल वर्षातून अनेकदा येतात. त्यांचा 'समर सेल' जूनच्या अखेरीस लागतो, म्हणजे आपल्याकडे बाहेर धो धो पाऊस, दुकानात चिटपाखरू नाही आणि स्टुडिओवाल्याला नवीन शिकायला वेळच वेळ. तेव्हा घ्या, मे महिन्यात नको. जीएसटी किमतीत धरलेला असतो. तुमची नोंदणी असेल आणि इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, हवं असेल तर बिलावर तुमचा जीएसटी नंबर लागतो. ई-मेलवर येणारी पावती त्याला पुरते का हे विवरणपत्र भरायच्या आधी तुमच्या सीएंना दाखवा. नोंदणीच नसेल तर सोडून द्या.

तर तुमच्यापुरतं. रविवारी घेतलेला एडिटर दोन तासांच्या आत असेल तर तो परत करा. सॉफ्टवेअर वाईट आहे म्हणून नाही, तो भाच्याच्या खात्यावर आहे म्हणून. परतीचे पैसे आले की घाई करू नका. आधी डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती कंपनीच्या साइटवरून घेऊन आठवडाभर चालवून बघा. लग्नाच्या व्हिडिओला ती पुरून उरते, मात्र ग्राफिक्स कार्ड दणकट लागतं. तुमचं कार्ड झेपत नसेल तर शॉटकट, तेही फुकट आणि साध्या डब्यावर चालतं; दिसायला ओबडधोबड आहे, कामाला नाही. दोन्ही हातात बसली नाहीत तर मग दुकानाचं खातं काढा आणि पुढच्या सेलला तोच एडिटर पुन्हा घ्या. दोन तासांच्या वर गेला असेल तरी परतीची विनंती करून बघा, पण धरून चालू नका. भाच्याला तो वापरू दे, आंब्याच्या सीझनमध्ये रील्स करून देईल तुम्हाला.

आणि विंडोज 7 वाला डबा. त्याच्यावर स्टीमचा नाद नकोच. 1 जानेवारी 2024 पासून स्टीमने विंडोज 7 आणि 8 ला सोडून दिलंय. पण म्हणून तो भंगारातही काढू नका. त्याच्यावर जुन्या फॉन्टमधल्या पत्रिका असणार, मागच्या पंधरा वर्षांच्या, आणि दर लग्नसराईत कुणीतरी येऊन 'मोठ्या भावाची होती तशीच करा' म्हणणार. नेटची वायर काढून टाका, फाइलींची ने-आण पेन ड्राइव्हने करा आणि प्रत्येक वेळी नव्या कॉम्प्युटरवर तो ड्राइव्ह तपासून घ्या. मागे डोंगल लावलेलं असेल तर पावसाळ्यात ते काढून झाकणाच्या डब्यात ठेवत जा. तुमचं दुकान समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असेल तर खाऱ्या हवेने त्याच्या टोकावर हिरवट थर चढतो. कोरड्या फडक्याने पुसून मगच लावा, खोडरबराने घासू नका.